जुनी सफारी उंच करताना: टॉर्शन बार, टायरचे माप आणि ट्रेलरमागचे डिझेल

गाडी उंच करणारा मिस्त्री वेगळा, टायर विकणारा वेगळा आणि मागे हुक लावून देणारा वेल्डर तिसराच. तिघेही आपापले काम नीट करतात, तरी काही महिन्यांत पुढचे टायर बाहेरच्या कडेने घासलेले दिसतात, स्टेअरिंग सैल लागते आणि ट्रेलर जोडला की ऐंशीच्या वेगाला गाडीची शेपटी डुलू लागते. उंची, टायर आणि ओढ या तिन्हींचा भार शेवटी एकाच चेसिसवर, त्याच ब्रेकवर आणि त्याच इंजिनवर पडतो. म्हणून तिन्ही गोष्टी एकदमच ठरवायच्या असतात.

इथला सगळा तपशील टाटा सफारी २.२ डायकॉर या जुन्या डिझेल गाडीचा आहे. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात) आणि टॉर्शन बार (स्प्रिंगचे काम करणारी सळई), मागे सरळ ॲक्सल, पाच लिंक आणि कॉइल स्प्रिंग, कंपनीचे टायर २३५/७० आर १६, इंजिन १४० पीएस आणि ३२० न्यूटन मीटरचे. दुसऱ्या जुन्या एसयूव्हीला तत्त्वे हीच लागू होतात, पण मागे पाट्यांचे स्प्रिंग असलेल्या गाडीत मागचे काम निराळे असते.

आमचे मत आधीच सांगतो. आठवडाभर नागपुरात, सुटीच्या दिवशी उमरेड किंवा काटोलकडच्या शेतावर आणि अधूनमधून पेंच, असा वापर असेल तर ३० ते ३५ मिलिमीटर उंची, २४५/७० आर १६ चे ऑल-टेरेन (पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींचे) टायर आणि ट्रेलर मागे असताना ७० चा वेग पुरे. त्यापुढचे सगळे हौसेचे, आणि हौसेची किंमत ब्रेकमध्येही मोजावी लागते.

आधी गेलेली उंची परत आणा

पंधरा वर्षे चाललेल्या गाडीचे टॉर्शन बार आणि मागचे स्प्रिंग बसलेलेच असतात. अनेकांना जी 'लिफ्ट' हवी असते, ती खरे तर हरवलेली मूळ उंची असते. म्हणून पाना हातात घेण्याआधी टेप घ्या.

पेट्रोल पंपाच्या फरशीसारख्या सपाट जागी गाडी उभी करा. टाकी भरलेली, डिकी रिकामी, चारही टायरांत सारखी हवा. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायर बदलला की मागचे आकडे निरुपयोगी होतात. डावी-उजवीत १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बार चढवण्याआधी कारण शोधा: तुटलेला स्प्रिंग, फाटलेले बुश किंवा कधीकाळी एकाच बाजूचा फिरवलेला ॲडजस्टर.

मग गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, प्रत्येक पुढचे चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा हब बेअरिंग. नऊ आणि तीनवर खेळ असेल तर स्टेअरिंगचे रॉड एंड. विशबोनचे रबरी बुश टॉर्चने बघा. नागपूरच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. हे भाग गेलेले असताना गाडी उंच केली तर अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही आणि दोष टायरवाल्यावर येतो.

टॉर्शन बार चढवणे

टॉर्शन बार म्हणजे पिळून ठेवलेली पोलादी सळई. एक टोक विशबोनला, दुसरे चेसिसच्या आडव्या पट्टीत एका तरफेला, आणि त्या तरफेखाली ॲडजस्टर बोल्ट. बोल्ट कसला की तरफ फिरते आणि विशबोन खाली ढकलला जाऊन गाडीचे तोंड वर येते. यात बारचा कडकपणा वाढत नाही. तरी बार चढवल्यावर गाडी दणके देते, याचे कारण चाकाला खाली जायला जागा उरलेली नसते. खड्ड्यात चाक खाली जाऊ लागले की विशबोन रबरी थांब्याला आपटतो आणि लोक म्हणतात, 'बार कडक झाला.'

काम असे करा:

१. आदल्या रात्री दोन्ही बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल मारा. पंधरा वर्षांचा कोरडा बोल्ट थेट कसला तर आटे सोलतात, आणि मग पूर्ण बार उतरवण्याची पाळी येते.

२. बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते व्हर्नियरने मोजून लिहा. परत मूळ जागी यायचे झाले तर हाच आकडा कामाचा.

३. पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचला आणि चेसिसखाली स्टँड लावा. चाकांवर वजन असताना बोल्ट फिरवायचा नाही. सगळा भार आट्यांवर येतो. बोल्ट पूर्ण काढायचाही नाही, बारमध्ये साठलेला जोर तरफ फेकून देऊ शकतो.

४. दोन्हीकडे दोन-दोन फेरे कसा. गाडी खाली घ्या, पाच-सात मीटर पुढे-मागे चालवा, बंपरवर दोन-तीनदा दाब द्या आणि मग मोजा. जॅकवरून उतरवल्याबरोबर घेतलेले माप खोटे असते, कारण चाके आत ओढलेली राहतात.

५. हवी ती उंची येईपर्यंत हेच पुन्हा. शेवटी दोन्ही बाजूंचे फेरे सारखे नसले तरी चालेल, उंची सारखी हवी.

कुठे थांबायचे हे खाली उरलेली जागा ठरवते. चेसिस जॅकने उचला आणि चाक जमीन सोडेपर्यंत किती खाली लोंबते ते बघा. ४० मिलिमीटरपेक्षा कमी लोंबत असेल तर जास्त चढवले, थोडे परत उतरवा. फोर बाय फोर गाडीत पुढच्या एक्सलचे रबरी बूट तपासा. कोन वाढला की बुटाच्या घड्या एकमेकींना घासतात, भेग पडते, ग्रीस उडते, आणि शेताच्या धुऱ्यावरची काळी माती आत गेली की जॉइंट कटकट वाजू लागतो.

त्यानंतर अलाइनमेंट, तेही तिन्ही कोनांचे. तोंड वर आले की बहुधा कॅम्बर पॉझिटिव्हकडे जातो, म्हणजे चाकाचा वरचा भाग बाहेर कलतो आणि टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळण्याचा कोन, तोसुद्धा सरकतो. दुकानात फक्त टो जुळवून 'झालं' म्हणतात. कॅस्टर आणि कॅम्बरचे आकडे छापून मागा. कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहता स्टेअरिंगच्या आसाचा मागचा कल, कमी झाला असेल तर स्टेअरिंग सरळ परत येत नाही आणि जबलपूर रोडवर ट्रकच्या वाऱ्याने गाडी भटकते. ५०० किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजा, बार थोडा बसतोच. हेडलाइटची पातळीही खाली घ्या, समोरच्याचे डोळे दिपवू नका.

मागची बाजू: स्पेसरपेक्षा व्हॉल्व्हकडे लक्ष द्या

मागे कॉइल स्प्रिंगवर २० ते ३० मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकणे सोपे आहे. स्प्रिंगच बसलेले असतील तर आधी नवे स्प्रिंग, मग गरज उरली तर स्पेसर. पण मागे ट्रेलर किंवा सामान नेहमी असेल तर स्पेसर उंचीच देतो, वजन पेलायची ताकद देत नाही. तिथे थोडे जाड तारेचे स्प्रिंग योग्य.

तीन गोष्टी तपासल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका. पहिली, ब्रेकचा रबरी होज: ॲक्सल पूर्ण लोंबत असताना तो ताणलेला नको. दुसरी, शॉकअपची लांबी: लोंबताना शॉकअपच थांबा बनत असेल तर त्याचे सील लवकर जाते. तिसरी, ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड: गाडी वर गेली की तो ॲक्सलला काही मिलिमीटर एका बाजूला ओढतो. ३० मिलिमीटर उंचीला हे चालून जाते, ६० ला मागचे चाक एका बाजूने मडगार्डबाहेर दिसू लागते.

आणि एक गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. अनेक एसयूव्हींत मागच्या ब्रेकला भारानुसार दाब देणारा व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसवर बसलेला आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली. गाडी भरली की मागची बाजू बसते, दांडी हलते आणि मागच्या ड्रमला जास्त दाब जातो. तुम्ही मागे ३० मिलिमीटर वर उचलले की व्हॉल्व्हच्या लेखी गाडी कायम रिकामी राहते. मग माणसे, सामान, ट्रेलर असे सगळे असताना मागचे ब्रेक अर्धवटच लागतात आणि पुढचे तापून वास मारतात. गाडीत असा व्हॉल्व्ह असेल तर ॲक्सलकडचा ब्रॅकेट तेवढाच वर घ्या किंवा दांडी जुळवा.

टायर: आधी गणित, मग दुकान

२३५/७० आर १६ म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ७० टक्के म्हणजे १६४.५, आणि रिम १६ इंच म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. दोन भिंती आणि रिम मिळून व्यास ७३५.४ मिलिमीटर. याच रीतीने:

२४५/७० आर १६: ७४९.४ मिलिमीटर, १.९ टक्के मोठा
२४५/७५ आर १६: ७७३.९ मिलिमीटर, ५.२ टक्के मोठा
२६५/७० आर १६: ७७७.४ मिलिमीटर, ५.७ टक्के मोठा
२३५/८५ आर १६: ८०५.९ मिलिमीटर, ९.६ टक्के मोठा

गाडीची खालची उंची वाढते ती व्यासातल्या फरकाच्या निम्मी. २६५/७० घेतला तरी हाती लागतात २१ मिलिमीटर. त्याबदल्यात काय जाते बघा. प्रत्येक गिअरमध्ये चाकाशी पोचणारा जोर सुमारे ५.४ टक्के घटतो, तीच गाडी थांबवायला ब्रेकला ५.७ टक्के जास्त पिळ लागतो, आणि काट्यावर ८० दिसते तेव्हा चाके आधीच्या ८४.६ च्या वेगाने पळत असतात. शिवाय मागच्या दारावर लटकलेले स्टेपनीसुद्धा त्याच मापाचे हवे, आणि जुन्या दाराच्या बिजागऱ्या आधीच लोंबकळलेल्या असतात.

रिमवर ६.५ जे असे काही कोरलेले असते ते वाचा. २४५/७० ला साडेसहा इंच रुंदीची रिम चालते. २६५/७० ला किमान सात लागते. अरुंद रिमवर बसवला तर टायरचे पोट फुगते, मधला पट्टा आधी झिजतो आणि वळणावर गाडी तरंगल्यासारखी होते. चाकामागे स्पेसर लावून चाके बाहेर काढण्याच्या फंदात पडू नका, सगळा ताण बेअरिंगवर जातो.

भाराचा आकडा मूळ टायरवर १०५ आहे, म्हणजे एका टायरला ९२५ किलो. त्याखालचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बाजूच्या चार आकड्यांत बनण्याचा आठवडा आणि वर्ष असते: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नागपूरच्या उन्हात रबर नक्षीच्या आधी म्हातारे होते, म्हणून नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर ट्रेलर ओढायला वापरू नये.

नक्षीबद्दल एकच सांगतो. काळ्या मातीच्या पांदणीत पाऊस पडला की मड-टेरेनची, म्हणजे खास चिखलाच्या टायरचीसुद्धा नक्षी वीस पावलांत गच्च भरते आणि चाक मातीचा गोळा होते. तिथे रुंदी कामाला येत नाही, थांबायला शिकणे कामाला येते. कोरड्या पांदणीला आणि खडीच्या रस्त्याला ऑल-टेरेन पुरतो, आणि मड-टेरेनचा आवाज व डिझेल दोन्ही वाचतात.

बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, एक चाक दगडावर चढवून बघा: टायर मडफ्लॅपला, आतल्या प्लास्टिकला किंवा चेसिसला कुठेही बोटभराच्या आत यायला नको. चाकाचे नट ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा कसा.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी भरा. पहाटे २५ अंशाला ३२ पीएसआय भरली तर दुपारी ४५ अंशाला, गाडी उभी असतानाही, ती तीनेक पीएसआयने वाढलेली दिसते. चालून तापली की आणखी वाढते. ही वाढ हिशेबात धरलेली असते. नवतपात 'हवा जास्त झाली' म्हणून तापलेल्या टायरातून ती सोडणारे लोक संध्याकाळी कमी हवेवर गाडी चालवतात, आणि कमी हवेचा टायरच दुमडून-दुमडून तापतो आणि फुटतो. शिवमडक्याहून समृद्धीला लागून तासन्‌तास एकाच वेगाने जाताना हा धोका सर्वांत जास्त. नायट्रोजनचाही दाब तापमानाने वाढतो, फक्त तो हळू गळतो.

हुक आणि ट्रेलर

हुक चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांना बोल्टने बसवलेला हवा. बंपरला वेल्ड केलेला हुक दोरीने गाडी खेचायलासुद्धा धड नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर सामानासकट ७५० किलो ही युरोपात धरली जाणारी वरची मर्यादा आहे. पंधरा वर्षांच्या सफारीमागे आम्ही ५०० ला थांबू. वजन अंदाजाने ठरवू नका. कळमना किंवा वाडीकडच्या कोणत्याही धर्मकाट्यावर पावती मिळते.

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी ८ ते १० टक्के बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर बसतो त्या हुकच्या गोळ्यावर, खाली दाबले गेले पाहिजे. ५०० किलोच्या ट्रेलरला ४० ते ५० किलो, म्हणजे घरचा वजनकाटा आणि त्यावर एक लाकडी ठोकळा पुरे. बॉल मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे असेल आणि व्हीलबेस २.६५ मीटर, तर ५० किलोचा हा दाब मागच्या ॲक्सलवर सुमारे ७३ किलो टाकतो आणि पुढून २३ किलो उचलून घेतो. स्टेअरिंग हलके होते ते यामुळे.

इथे लिफ्ट आणि ट्रेलर एकमेकांच्या वाटेत येतात. गाडी ३५ मिलिमीटर आणि टायर ७ मिलिमीटर वर गेला की बॉल ४२ मिलिमीटर वर गेला. ट्रेलरचे तोंड उचलले जाते, सामान मागे सरकते, बॉलवरचा दाब घटतो आणि डुलणे सुरू होते. बॉलची पट्टी तेवढीच खाली घ्या. ट्रेलर सपाट किंवा तोंड किंचित खाली असे उभे राहायला हवे. जड वस्तू, म्हणजे जनरेटर, पंप, खताच्या गोण्या, ट्रेलरच्या ॲक्सलवर आणि थोड्या पुढे. दोन सुरक्षा साखळ्या बॉलखालून एकमेकींना छेदून लावा.

पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून ट्रेलरच्या हबला हात लावा. हात ठेववत नसेल तर बेअरिंग कोरडे आहे किंवा जास्त कसलेले. डुलायला लागलाच, तर ब्रेक मारू नका आणि स्टेअरिंगने उलट झटके देऊ नका. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि गाडीला आपोआप हळू होऊ द्या.

कागद

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते. पंधरा वर्षे झालेल्या गाडीच्या फेरनोंदणीला निरीक्षक गाडी नीट बघतो, आणि अपघातानंतर विमा कंपनी त्याहून नीट बघते. काम सुरू करण्याआधी तुमची गाडी ज्या आरटीओत आहे, एमएच ३१, ४० किंवा ४९, तिथे विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मूळ टायर आणि भाग विकू नका.

डिझेलचा खरा हिशेब

मोठे टायर टाकल्यावर मायलेज पडले असे वाटते, त्यातले काही खरे पडलेले असते आणि काही मीटरने खाल्लेले. आधी मीटर तपासा: हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर किंवा जीपीएसवर २० किलोमीटर जा, मीटरने किती दाखवले ते बघा आणि खऱ्या अंतराला त्याने भागा. हा तुमचा गुणक.

मग एकाच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या 'क्लिक'पर्यंत टाकी भरा. किमान ३०० किलोमीटर चालवून पुन्हा तिथेच, तशीच भरा. समजा २६५/७० टायर, गुणक १.०५७, मीटरवर ३१२ किलोमीटर आणि भरले ४०.५ लिटर. मीटरचे मायलेज ७.७, खरे अंतर ३२९.८ आणि खरे मायलेज ८.१. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका. जातानाचा आणि येतानाचा वारा वेगळा असतो.

ट्रेलर नसताना ठीकठाक डायकॉरने हायवेला ११-१२ द्यावे. ट्रेलर मागे असताना ७ ते ८ आले तर गाडी बरी आहे. त्याहून कमी असेल तर पहिला संशय वेगावर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ७० ऐवजी ९० ने गेले की तो ६५ टक्के वाढतो, आणि उभ्या फळ्यांचा ट्रेलर म्हणजे हवेसमोर भिंतच. छतावरचे रिकामे कॅरियर काढा. मग इंटरकूलरचे रबरी पाइप: चढावर काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पाइप फाटला आहे. मग एअर फिल्टर, आणि शेवटी घासत राहिलेले मागचे ड्रम. चाक हाताने मोकळे फिरते का ते बघा.

क्लचची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर करा. चौथ्या गिअरमध्ये ५० ला पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा चढतो पण वेग चढत नसेल तर क्लच घसरतो आहे, आणि ट्रेलर त्याला एका घाटात संपवेल.

छिंदवाड्याकडची सिल्लेवानी घाटी किंवा जबलपूर रोडवरचा कुरई घाट चढताना टॉप गिअरला चिकटून राहू नका. डायकॉरची ओढ १,८०० ते २,५०० आरपीएममध्ये आहे. त्याखाली इंजिन कण्हत राहिले तर डिझेलही जास्त जाते आणि गरमीही वाढते. मे महिन्यात निघण्याआधी रेडिएटरच्या जाळीतली धूळ आणि किडे आतून बाहेर पाण्याने काढा, प्रेशर वॉशर लावू नका, पापुद्रे वाकतात. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून सरकू लागला की आधी एसी बंद, मग एक गिअर खाली आणि वेग कमी. तरी चढत राहिला तर सावलीत थांबा, इंजिन चालू ठेवून पंख्याला काम करू द्या, आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेक-ऑइल दोन वर्षांपूर्वीचे असेल तर त्यात ओलावा मुरलेला असतो, आणि घाटाच्या उतारात ब्रेक तापले की त्याची वाफ होऊन पेडल स्पंजासारखे खाली जाते.